शिवणीतली माया

जुन्या साडीचा ड्रेस, जुन्या जीन्सची पिशवी… हल्ली याची शिबिरं भरतात, फी घेऊन. आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "आमच्या आज्या हे फुकटात करायच्या, आताच्या बायकांना सुई धरायचा कंटाळा." मंडळी, यातलं पहिलं खरं आहे. दुसऱ्याबद्दल थोडं बोलायचंय.

आधी आजीचं लुगडं बघू. नऊवार म्हणजे आठ मीटरच्या आसपास सुती कापड. ते सगळीकडून सारखं फाटत नाही. बसून-उठून एका भागात विरतं, बाकीचं शाबूत राहतं. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला म्हणायचं 'दंड घालणं'. तेही फाटलं की परकर, मग पोरांची झबली, कुंची, दुपटी. उरलेल्याची थरावर थर घालून, धावदोरा मारून गोधडी. तिच्याही चिंध्या झाल्या की डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ, आणि शेवटी चुलीपुढचं पोतेरं. हे सगळं चालायचं ते सुताच्या एका गुणावर: धुऊन धुऊन सूत मऊ होतं आणि पाणी पितं. म्हणून तर बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नसत, आजोबांचं जुनं धोतर शोधत.

पुढे शिवणयंत्र आलं. सिंगर हप्त्यावर मिळायचं, नंतर कलकत्त्याहून उषा आलं. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरचा अपवाद केला होता. यंत्राबरोबर घरोघरी एक शब्द रुळला, 'माया'. शिवणीच्या आत मुद्दाम सोडलेलं जादा कापड म्हणजे माया. पोराचा सदरा वाढत्या अंगाचा शिवायचा, आत दोन बोटं माया ठेवायची, दिवाळीला टीप उसवून सैल करायचा. मग तोच धाकट्याला. (धाकट्यांना विचारा, नवा शर्ट पहिल्यांदा कितवीत मिळाला!)

दुसऱ्या महायुद्धात तर कापडच मिळेना. मिलचा माल लष्कराकडे जाऊ लागला, भाव भडकले, 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द तेव्हापासूनचा. त्या पिढीची काटकसर हौसेची नव्हती. दंडाचं लुगडं नेसून लग्नाला जायची लाज वाटायची, म्हणून एक धड लुगडं पेटीत जपून ठेवलेलं असायचं.

आणि जुन्या कपड्याचं कौतुक करताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या घरातलं जुनं आपणच वापरणं वेगळं, आणि दुसऱ्याचं टाकलेलं घालायची जन्मावरून सक्ती असणं वेगळं. शूद्राला जुने कपडे द्यावेत, चांडाळाने प्रेताची वस्त्रं घालावीत, हे मनुस्मृतीत लिहिलंय. ती 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसण्याची जुनी, ओळख पटवणारी पद्धत सोडायला सांगितलं. कोणी नवाकोरा कपडा घेण्याचा हट्ट धरत असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणण्याआधी हे आठवावं.

मग साखळी तुटली कुठे? माझ्या मते कापडात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या सुती मिलचा संप सुरू झाला, त्यातून तो धंदा पुन्हा उभा राहिला नाही. त्याच वर्षी इकडे पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. जून 1985 च्या वस्त्रधोरणात सरकारने सुती आणि कृत्रिम धाग्याला सारखं वागवायचं ठरवलं आणि कृत्रिम धाग्यावरचे कर उतरू लागले. तोवर ती चैनीची वस्तू होती. बायकांना या साड्या आवडल्या, त्यात चूक काय? झटकून वाळत घातली की वाळते, इस्त्री नको, वर्षानुवर्षं विरत नाही.

पण विरत नाही, म्हणूनच मऊही होत नाही. पाणी पीत नाही, त्यामुळे दुपटं होत नाही, फडकं होत नाही. घाम टिपत नाही, म्हणून गोधडीला नको. चुलीजवळ धरलं तर वितळून हाताला चिकटतं. ती साडी कपाटात पडून राहते, नाहीतर बोहारणीला देऊन एखादं पातेलं घ्यायचं. आजीच्या हातात हीच साडी दिली असती तर तिनेही पिशवीपलीकडे फार काही केलं नसतं.

रेडिमेडची गोष्ट याहून सोपी. कापड वाचवायचं म्हणून कारखान्यात शिवणीलगत कापतात आणि ओव्हरलॉक मारतात. पोरगं वाढलं तर उसवणार काय? घरी शिवणयंत्र असून उपयोग नाही, आत कापडच नाही.

विश्वास बसत नसेल तर आज अंगातला शर्ट उलटा करून बाजूची शिवण बघा. माया किती बोटं आहे ते खाली लिहा, आणि शर्ट शिवलेला की विकतचा तेही.