दुखरा स्नायू आणि वस्तादाची नजर

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे नाव बाहेरच्या लोकांना माहीत असते ते वनराईने वेढलेल्या तलावामुळे. हा सारा मुलूखच तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या माती खणून आणि वाहून बांधलेल्या तलावांवर इथली धानशेती उभी राहिली. अंगमेहनत इथे जगण्यातच मुरलेली होती. तिला व्यायाम म्हणण्याची गरज कुणाला भासली नाही. ठरावीक अंतर ठरावीक वेळेत कापण्यासाठी शरीर घडवणे ही गोष्ट अशा गावांत बव्हंशी सरकारी भरतीच्या वाटेने आली. पोलीस शिपाई होण्यासाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. वनरक्षकासाठी अनुक्रमे ५ आणि ३ किलोमीटर. वेगाने धावताना मांडीमागचा स्नायू ऐन भरतीच्या तोंडावर फाटला, तर वयोमर्यादेतली एक संधी हातची जाते. म्हणून दुखावलेल्या स्नायूचे काय करावे, या प्रश्नाचा इतिहास आम्हांस केवळ वैद्यकाचा विषय वाटत नाही.

मराठी भाषेने या दुखण्यांची बारकाईने विभागणी केलेली आहे. पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पाय मुरगळतो, पोटरीत गोळा येतो आणि सवय नसलेली मेहनत केली की दुसऱ्या दिवशी अंग आंबते. यांतला 'आंबणे' हा शब्द मोठा मजेदार आहे. विसाव्या शतकात बराच काळ असे मानले जाई की, श्रमाने स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यानेच दुसऱ्या दिवशीची वेदना होते. म्हणजे आपली बोली आणि शास्त्र एकाच कल्पनेवर येऊन ठेपली होती. ती कल्पना टिकली नाही. हे आम्ल व्यायामानंतर तास-दोन तासांत निवळते. वेदना मात्र एक-दोन दिवसांनी शिगेला पोचते. खरे तर थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून, या वेदनेचे मूळ स्नायूच्या आतील फाटण्यात असावे, असे लिहून ठेवले होते. १९८१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जिने उतरायला लावलेल्या माणसांच्या स्नायूंचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले, तेव्हा तंतूंची सूक्ष्म मोडतोड प्रत्यक्ष दिसली. चढण्यापेक्षा उतरणे अधिक दुखवते, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो.

आंबलेले अंग आणि फाटलेला स्नायू यांत मात्र फरक केलाच पाहिजे. पहिले हळूहळू चढते, दोन्ही पायांत सारखे असते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. दुसरे धावता धावता एका क्षणी, एका जागी, चाबूक बसल्यासारखे जाणवते. पहिल्यात हलका व्यायाम चालतो. दुसऱ्यात तिथेच थांबावे लागते.

थांबल्यावर काय, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. सुश्रुताने दुखापतीआधीचा विचार केला होता: व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्यानेच करावा, हा त्याचा 'बलार्ध'. चरकानेही अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगितले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वर्ग पाडून त्यांचा आहार आणि मेहनत यांचा विचार केलेला आढळतो. तालमींत आणि घराघरांत पुढे तेलाची मालिश, शेक आणि आंबेहळदीचा लेप चालत आले. निरोगी अंगाला मालिश सुखावते. पण ताज्या फाटलेल्या स्नायूला जोराने रगडणे किंवा लगेच शेकणे घातक, कारण आतला रक्तस्राव वाढतो. मांडीला जबर मार लागल्यावर रगडल्यास स्नायूत हाडासारखी गाठ धरण्याचाही धोका असतो.

याउलट टोक आधुनिक काळाने गाठले. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे अशी चतु:सूत्री दिली. ती जगभरच्या मैदानांवर पोचली. पुढे त्यानेच २०१४ च्या सुमारास लिहिले की, बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच पहिला टप्पा असतो. १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांना स्नायुतंतूंच्या कडेला ज्या पेशी आढळल्या, त्या इजा होताच जाग्या होऊन नवा तंतू घडवतात. १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले की, सुरुवातीचे थोडे दिवस स्थिर ठेवून मग हालचाल सुरू केली, तर तंतू सरळ आणि भक्कम जुळतात. फार काळ बांधून ठेवला तर स्नायू झिजतो. आज सांगतात ते साधे आहे: पहिले दोन-तीन दिवस जपावे, दाबपट्टी बांधावी, वेदना असह्य असेल तरच थोडा वेळ बर्फ लावावा, रगडू नये, मग वेदनेच्या मर्यादेत चालावे आणि हळूहळू भार वाढवावा.

या भाराचे महत्त्व २०१३ च्या एका स्वीडिश अभ्यासात दिसले. मांडीमागचा स्नायू दुखावलेल्या ७५ फुटबॉलपटूंपैकी ज्यांनी स्नायू लांबवत भार पेलण्याचे व्यायाम केले, ते सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतले. इतरांना ५१ दिवस लागले. घाईने परतणाऱ्याचा स्नायू मात्र पुन्हा त्याच जागी फाटण्याचे भय असते. 'कट्' असा आवाज आला, स्नायूत खड्डा लागला किंवा पायावर उभे राहता येईना, तर डॉक्टर गाठावा. शेकडो बैठकांनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याचा तो इशारा असतो.

या साऱ्या इतिहासात उपचार उलटसुलट झाले; पण पुन्हा कधी उतरायचे, हा निर्णय दुखावलेल्याने एकट्याने घेऊ नये, ही गोष्ट मात्र बदललेली नाही. तालमीचा वस्ताद रगडण्याबाबत चुकत असेल. पण नव्या पोराचे जोर-बैठका तो मोजून वाढवी आणि लंगडणाऱ्याला हौद्यात उतरू देत नसे. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी ही नजर विदर्भात शिक्षणाच्या रूपात रुजवली. डांबरी रस्त्यावर एकट्याने पळणाऱ्या मुलामुलींपर्यंत ती पोचलेली नाही. त्यांच्यापाशी घड्याळ असते, मोबाईल असतो, भरतीची तारीख असते. 'अजून आठवडा थांब' असे म्हणणारे कुणी नसते. गावातल्या शाळेचा क्रीडाशिक्षक, पूर्वी भरती झालेला एखादा शिपाई किंवा तालुक्याचा फिजिओथेरपिस्ट हे काम करू शकतो. त्यासाठी बर्फाचा खर्चही लागत नाही.