जपानी कागद आणि जोडकामाची कला

शहरांतील लेखनसाहित्याच्या दुकानांत अलीकडे रंगीबेरंगी कागदी पट्ट्यांचीं लहान लहान रिळें विकावयास ठेवलेलीं असतात. वीतभर पट्टी बोटांनींच फाडावी, वहीच्या कडेला, पत्राच्या पाकिटाला किंवा भेटीच्या पेटीला चिकटवावी, आणि मन बदललें तर डाग न पाडतां पुन्हा उचलून घ्यावी, अशी तिची सोय आहे. मुली तिला 'वाशी टेप' म्हणतात. मुंबईच्या खाडीपलीकडील वाशीचा या नांवाशीं कांहींएक संबंध नाहीं. जपानी भाषेंत 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद. घरांतील वडील माणसांना हा सारा पोरखेळ वाटतो, त्यांत नवल नाहीं. परंतु या पोरखेळामागें चौदाशें वर्षांचा इतिहास आहे. त्यांत एका राणीचा शोक आहे, एका अमूल्य ग्रंथाचा भंग आहे, आणि शाळकरी मुलींच्या हातून करविलेलें एक युद्धकर्महि आहे.

कागदाची विद्या मूळची चीनची. इ. स. १०५ मध्यें त्साइ लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें ती बादशहाच्या कानीं घातली, असें चिनी बखरी सांगतात. जपानांत ती कोरियाच्या वाटेनें आली. इ. स. ७२० मध्यें पुरा झालेला 'निहोन शोकि' हा जपानचा जुना इतिहासग्रंथ म्हणतो, कीं ६१० सालीं कोगुर्यो राज्याहून दोन्चो नांवाचा बौद्ध भिक्षु आला व तो रंग, कागद आणि शाई तयार करण्यांत निपुण होता. धर्म आणि कागद हे दोघे एकाच गलबतांतून उतरले म्हणावयास हरकत नाहीं. नारा येथील शोसोइन या भांडारांत इ. स. ७०२ मधील खानेसुमारीचे कागद अद्यापि सुरक्षित आहेत. पुढें शोतोकु या सम्राज्ञीनें दहा लक्ष चिमुकले लाकडी स्तूप करवून प्रत्येकांत छापील धारणीमंत्राची गुंडाळी ठेविली. हें काम ७७० च्या सुमारास पुरें झालें. एवढा कागद ज्या देशांत निघूं लागला, तेथें ही कला परकी राहिली नव्हती हें उघड आहे.

जपान्यांनीं या कलेंत स्वतःची अशी काय भर घातली, तें नीट पाहण्यासारखें आहे. त्यांचा मुख्य कागद कोझो नांवाच्या, तुतीच्या कुळांतील झुडुपाच्या सालीचा. हिवाळ्यांत फांद्या तोडून वाफेवर शिजवावयाच्या, साल सोलावयाची, वरची काळी साल खरवडून आंतील पांढरी ठेवावयाची, ती राखेच्या क्षारपाण्यांत उकळावयाची, आणि मग वाहत्या थंड पाण्यांत बसून एकेक कचरा व डाग हातानें वेंचावयाचा. हें वेंचण्याचें काम बहुधा बायकांकडे असे. त्यानंतर साल कुटून कुंडांतील पाण्यांत मिसळीत. येथपर्यंत विशेष कांहीं नाहीं. गंमत पुढें आहे. त्या पाण्यांत 'तोरोरो-आओइ' नांवाच्या झाडाच्या मुळाचा बुळबुळीत रस घालतात. हें झाड आपल्या भेंडीच्याच कुळांतलें. भेंडी चिरतांना सुरीला जी तार सुटते, तीच कल्पना करावी. या रसानें पाणी दाट होतें, तंतु तळाशीं न बसतां तरंगत राहतात, आणि बांबूच्या काड्यांच्या चाळणीवरून तें पाणी पुनःपुन्हा खेळवून फेकून देतां येतें. प्रत्येक हेलकाव्याला तंतूंचा एकेक पातळ थर बसत जातो. आणखी नवल असें, कीं ओले ताव एकमेकांवर नुसते रचून ठेविले तरी नंतर सुटे होतात. मध्यें लोंकर घालावी लागत नाहीं. उन्हाळ्यांत हा रस लवकर बिघडतो, म्हणून उत्तम कागद बर्फाच्या दिवसांतला. तो कागद हातीं घेणारास त्या बोटांच्या थंडीची कल्पना क्वचितच असते.

कोझोचा तंतु सुमारें दहा मिलीमीटर लांब असतो. लाकडाच्या लगद्याचा तंतु बहुधा एक ते तीन मिलीमीटर. यामुळें कोझोचा कागद पातळ असूनहि चिवट होतो, आणि फाडला तर त्याची कड कापल्यासारखी सरळ न येतां मऊ कुसळांची येते. हीं कुसळें दुसऱ्या कागदावर खळीनें बसविलीं, कीं जोड दिसेनासा होतो. पुढची सारी जोडकामाची कला या कुसळांवर उभी आहे. आपल्याकडे जुन्नरचे व दौलताबादचे कागदी तावाला खळ देऊन दगडानें घोटीत व त्याला गुळगुळीत करीत, कारण आपला बोरू टोंकदार आणि मोडी लेखणी धांवती. जपान्यांची लेखणी म्हणजे मऊ कुंचला. त्यांनीं कागद मऊच राहूं दिला. अमेरिकन कागदसंशोधक डार्ड हंटर यानें दोन्ही देश पायाखालीं घालून १९३६ मध्यें जपान-कोरिया-चीनवर आणि १९३९ मध्यें हिंदुस्थानच्या हातकागदावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. हा भेद ताडून पाहण्यास ते उपयोगी पडतात.

कागद महाग होता तोंवर तो टाकून देण्याची रीत नव्हती. क्योतो राजधानी झाल्यावर नवव्या शतकाच्या आरंभीं तेथें सरकारी कागदशाळा निघाली, आणि जुने लिखित कागद भिजवून त्यांचा पुन्हा कागद होऊं लागला. शाई पुरती जात नसे, म्हणून असा कागद करड्या रंगाचा निघे. सेइवा सम्राट वारल्यावर त्याची एक राणी, फुजिवारा घराण्यांतील तामिको, हिनें त्याचीं आपणांस आलेलीं पत्रें गोळा केलीं, त्यांचा लगदा करून नवा कागद करविला, आणि त्यावर सद्धर्मपुंडरीकाची प्रत लिहविली. प्रेमपत्रें जाळणारे पुष्कळ व जपून ठेवणारेहि पुष्कळ. परंतु त्यांच्याच पोटीं धर्मग्रंथ घडविणारी ही एखादीच.

या करड्या कागदानंतर दोन शतकांनीं जपानी दरबारानें कागदाच्या शृंगाराची परमावधि केली. क्योतोच्या निशि होंगान्-जि मठांत छत्तीस कवींच्या संग्रहांची एक हस्तलिखित प्रत आहे. ती सुमारें १११२ सालीं, निवृत्त सम्राट शिराकावा यांच्या साठीच्या निमित्तानें सिद्ध झाली असावी, असें मानतात. तिच्या कित्येक पानांचा कागद एकसंध नाहींच. निळे, जांभळे, पिवळसर, तपकिरी असे नाना रंगांचे ताव कापून, फाडून, कडेला कड लावून त्यांचें एक पान केलेलें आहे. कोठें सरळ कापाचा जोड, कोठें फाटलेल्या वांकड्या कडेचा. कोठें एकाच रंगाच्या फिकट होत जाणाऱ्या पांच तावांच्या कडा एकीखालीं एक सरकवून डोंगराची रांग भासविली आहे. त्यावर सोन्यारुप्याचे कण, रुपेरी गवत, उडणारे पक्षी. आणि या सर्वांवरून कवितेच्या ओळी जोडांची पर्वा न करतां खालीं उतरत गेल्या आहेत. आजची मुलगी फाडलेल्या रंगीत पट्ट्या एकीशेजारीं एक लावते, तेव्हां ती नकळत याच घराण्याची शिष्या असते.

१५४९ मध्यें गो-नारा सम्राटानें ही प्रत होंगान्-जिच्या मठाधिपतीस दिली. नंतर ती जगाच्या दृष्टीआड गेली व १८९६ मध्यें मठाच्या भांडारांत पुन्हा सांपडली. येथवर कथा सुखाची आहे. १९२९ मध्यें मात्र स्त्रीशिक्षणाच्या एका संस्थेसाठीं पैसा उभारावयाचा म्हणून या प्रतींतील दोन खंड उसवून त्यांचीं पानें सुटीं सुटीं विकण्यांत आलीं. ही संस्था १९२४ मध्यें तोक्योंत निघालेली, मुसाशिनो येथील. तिचे संस्थापक ताकाकुसु जुंजिरो हे ऑक्सफर्डास मॅक्समुल्लरपाशीं शिकलेले संस्कृत-पालीचे गाढे पंडित होते. मित्सुइ पेढीचे धनिक मासुदा ताकाशि यांनीं विक्रीची व्यवस्था केली. पानें 'इशियामा-गिरे', म्हणजे 'इशियामाचे तुकडे', या नांवानें श्रीमंत संग्राहकांच्या घरीं गेलीं, आणि पुढें कांहीं जपानबाहेरील संग्रहालयांतहि पोहोंचलीं. आठशें वर्षें एकत्र राहिलेलें पुस्तक मुलींना शिकविण्याकरितां फोडावें कीं न फोडावें? ग्रंथप्रेमी मनुष्य एकदम 'नको' म्हणेल. परंतु ग्रंथ अभंग आणि मुली अशिक्षित, असेंहि कोणास म्हणवणार नाहीं. खटकतें तें एवढेंच, कीं देशांत धनिक होते, त्यांच्यापाशीं पैसाहि होता; पान हातीं पडल्याशिवाय तो सुटला नाहीं.

दरबाराच्या वैभवानंतर कागद बाजारांत उतरला. एदो काळांत, म्हणजे १६०३ ते १८६८ पर्यंत, खिडक्या, कंदील, छत्र्या, पंखे, एवढेंच काय पण अंगरखेसुद्धां कागदाचे होत. १७९७ मध्यें घडीच्या बगळ्यांवर आणि १७९८ मध्यें इवामि प्रांतींच्या कागद करण्याच्या रीतीवर छापील सचित्र पुस्तकें निघालीं. लाकडी ठशांनीं छापलेला 'चियोगामि' नांवाचा नक्षीचा कागद पेट्यांना व बाहुल्यांना डकविण्याकरितां मध्यमवर्गीय घरांत शिरला. तोक्योंतील 'इसेतात्सु' हें त्याचें दुकान १८६४ सालचें. इंग्रज वकील हॅरी पार्क्स यानें १८७१ मध्यें या कागदांवर अहवाल लिहून चारशेंहून अधिक नमुने लंडनला धाडले. इंग्रजांना विलक्षण वाटलेली ही वस्तु त्याच सुमारास यंत्राच्या कागदापुढें हटूं लागली होती. १९०१ मध्यें हातकागदावर पोट भरणारीं कुटुंबें जपानांत सुमारें ६८ हजार होतीं. १९८० नंतरच्या दशकांत तीं पांचशेंच्याहि आंत आलीं.

या उतारावरच युद्धाचा अध्याय येतो. १९४४ मध्यें जपानी सैन्यानें अमेरिकेवर वाऱ्याबरोबर बाँब सोडण्याची योजना केली. पॅसिफिकवरून उंच आकाशांत पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा त्यांस ठाऊक होता. हवें होतें तें हलकें, चिवट व वायु न गळणारें विमान. रबर मिळेना, म्हणून कोझोचा हातकागद निवडला. थरावर थर डकवून सुमारें दहा मीटर व्यासाचे फुगे बनवावयाचे, आणि खळ 'कोन्न्याकु' या कंदाची; हा कंद आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद. एवढ्या कामाला हात कोठून आणावे? शाळांतून मुली आणल्या. थंडीच्या दिवसांत, पाळीपाळीनें, त्या ताव जोडीत राहिल्या. खळीनें व घासण्यानें बोटें सोलवटत. खावयास पुरेसें मिळत नसे, म्हणून कित्येकींनीं ती खळच चोरून खाल्ली. फुगे फुगवून पाहण्यास उंच छत लागे. त्याकरितां नाट्यगृहें व कुस्तीचे आखाडे वापरले गेले. जोड सुटतां कामा नये, एवढें त्यांस बजावलेलें असे. फुगा कोठें जाणार हें बहुतेकींस सांगितलेलें नव्हतें.

नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या अवधींत सुमारें नऊ हजार फुगे सुटले. त्यांपैकीं तीनशेंच्या आसपास उत्तर अमेरिकेंत सांपडले. युद्धाच्या दृष्टीनें योजना फसली. परंतु ५ मे १९४५ रोजीं ऑरेगॉन संस्थानांत, ब्लाय गांवानजीकच्या रानांत, वनभोजनास गेलेल्या मंडळींना एक फुगा पडलेला दिसला, आणि त्याच्या बाँबनें एक गर्भवती स्त्री व पांच मुलें जागच्या जागीं ठार झालीं. तीं मुलें फुगे जोडणाऱ्या मुलींच्याच वयाचीं होतीं. सुमारें चाळीस वर्षांनीं त्या मुलींपैकीं कांहींना, आतां प्रौढ बाया झालेल्यांना, ही हकीकत कळली. त्यांनीं कागदाचे एक हजार बगळे घडवून ब्लायला पाठविले. हात तेच होते; कागदाची घडी तेवढी निराळी.

चिकटपट्टीचें मूळ मात्र जपानांतलें नाहीं. १९२५ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटांत रिचर्ड ड्र्यू या तरुणानें मोटारी रंगविणारांसाठीं ती शोधली. दोन रंगांची गाडी रंगवितांना एका रंगावर दुसरा चढूं नये, आणि पट्टी काढतांना रंगहि निघूं नये, ही त्या कारागिरांची अडचण होती. जपानांत ती अडचण सोडवावयास एक वेगळेंच गिऱ्हाईक पुढें आलें. कुराशिकि येथें १९२३ पासून कामोइ नांवाचा कारखाना माशा धरण्याचा चिकट कागद करीत असे. स्वच्छता वाढली, जाळीच्या खिडक्या आल्या, माशा कमी झाल्या. धंदा टिकवावयाचा तर चिकटपणाला नवें काम शोधणें प्राप्त होतें. १९६० नंतर हा कारखाना रंगाऱ्यांच्या व इमारतकामाच्या पट्टीकडे वळला. पातळ, चिवट, हातानें फाडतां येणारा जपानी धर्तीचा कागद त्या कामास उत्तम ठरला. हा कागद आतां यंत्रावर निघतो, थंड पाण्यांत वेंचून नव्हे. तेव्हां 'वाशी' हें बिरुद त्याला थोडें मोठेंच होतें, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे.

२००६ मध्यें तोक्योंतील तीन स्त्रियांनीं कारखान्यास पत्र धाडून तो पाहण्याची परवानगी मागितली. रंगाऱ्यांच्या या पट्टीनें पत्रें, वह्या व पुड्या कशा सजवितां येतात यावर त्यांनीं स्वतः एक लहानसें पुस्तक केलें होतें. शोभेसाठीं कोणी आपला माल घेत असेल, ही गोष्ट कारखानदारांच्या स्वप्नींहि नव्हती. स्त्रियांनीं नुसती वाहवा केली नाहीं. कोणते रंग हवेत तेंहि सांगितलें. २००८ पर्यंत 'एमटी' या नांवानें वीस रंगांच्या पट्ट्या बाजारांत आल्या होत्या, आणि पुढें नक्षीच्या पट्ट्यांना अंत राहिला नाहीं. त्यांतील पुष्कळ नक्ष्या जुन्या चियोगामिच्याच वळणाच्या आहेत.

मिनो, इवामि व सायतामा येथील हातकागदाच्या परंपरांचा युनेस्कोनें २०१४ मध्यें मानवजातीच्या वारशांत समावेश केला. तेथें कुंडाशीं बसणारे लोक आतां थोडे उरले आहेत. त्यांच्या कागदाचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे जुने ग्रंथ व चित्रें दुरुस्त करणारे तज्ज्ञ. कुराशिकीच्या कारखान्याला तशी विवंचना नाहीं. रंगीत रिळांबरोबर तो माशा धरण्याचा जुना चिकट कागदहि विकतो.