आमच्या प्लॉटचे पूर्वज

आमचा एक फ्लॅट आहे. तो चौथ्या मजल्यावर असून पूर्वाभिमुख आहे. त्याला साडेसहा फुटांची गॅलरी आहे आणि त्या गॅलरीत सकाळचे कोवळे ऊन येते. अडचण एकच आहे. त्याच्या खालचे तीन मजले अजून बांधलेले नाहीत. चौथाही नाही.

२०१२ साली प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम काढून मी हा फ्लॅट कल्याणच्या पलीकडे 'बुक' केला. बिल्डरचे नाव सांगत नाही. त्याने फोन उचलला असता तर निदान सांगू का म्हणून विचारले तरी असते. त्याने आम्हांला एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका दिली होती. तीत निळ्याशार तलावाच्या काठी एक गोरेगोमटे कुटुंब उभे होते आणि त्यातल्या मुलाच्या हातून एक लाल फुगा सुटून वर चालला होता. गेल्या तेरा-चौदा वर्षांत त्या प्लॉटवर तेवढा तो फुगाच काय तो वर गेला.

सध्या तिथे एक जोते आहे. बारा खांब आहेत आणि खांबांच्या डोक्यांवर गंजलेल्या सळया शेंडीसारख्या उभ्या आहेत. बाकी गुडघाभर गवत. मुलांनी त्यातच एक पट्टा खरवडून क्रिकेटची खेळपट्टी केली आहे. पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी दुपारी येतात. भाद्रपदात गणपती बसतो, वैशाखात लग्ने लागतात. आणि कंपनीचा वॉचमन, ज्याला कंपनीने कधीच पगार द्यायचे सोडले, तो प्रकल्पाच्या पत्र्यांची खोली करून बायको-मुलांसह राहतो आणि आमच्या नियोजित पोहण्याच्या तलावात भेंडी लावतो.

मी दर रविवारी फ्लॅट बघायला जातो. वॉचमन आदराने उठतो, मान वर करतो आणि बोट दाखवतो. "साहेब, तुमचा चौथा मजला म्हणजे बघा, साधारण त्या घारीच्या जरा खाली."

घरी आलो की सौ. विचारते, "काय, आली का गॅलरी?" मी म्हणतो, "काम चालू आहे." गवताचे काम चालूच असते.

अशा माणसाने एक तर देवाधर्माला लागावे किंवा इतिहासाला. मी इतिहासाला लागलो. त्यालाही कारण आहे. मी एकतीस वर्षे नरिमन पॉइंटच्या एका कचेरीत कारकुनी केली. रोज चर्चगेटला उतरायचे आणि बॅग छातीशी धरून समुद्राच्या दिशेने चालत सुटायचे. एकतीस वर्षांत पायाखाली काय आहे याचा विचार केला नाही, कारण नजर घड्याळावर. रिटायर झाल्यावर वाचनालयात बसून वाचू लागलो तेव्हा कळले, की आपण उभी हयात ज्या जमिनीवरून चाललो ती जमीन म्हणजे एक सोडून दोन बुडालेल्या, रखडलेल्या स्किमा होत्या. मला एकदम घरच्यासारखे वाटले.

पहिली स्कीम १८६०च्या दशकातली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेत जाईना आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैसा एवढा आला की ठेवायला जागा उरली नाही. मग जागाच तयार करण्याचे ठरले. बॅक बे रिक्लमेशन कंपनी निघाली. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र बुजवायचा आणि जमीन विकायची, अशी साधी, सरळ कल्पना. पाच हजारांच्या शेअरवर पंचवीस हजारांच्याही वर प्रीमियम चढला. लक्षात घ्या, अजून समुद्र समुद्रच होता. लोक भरतीच्या लाटेवर प्लॉट पाडत होते. माझ्या चौथ्या मजल्याला निदान खाली जोते तरी आहे.

या साऱ्या बाजाराचे राजे होते शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांच्या शब्दावर भाव चढत आणि उतरत. पुढे १८६५च्या एप्रिलात तिकडे अमेरिकेत युद्ध संपले, इकडे कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उजाडला. वायदे पुष्कळ होते, पैसे कुणाकडेच नव्हते. बँका बुडाल्या, पेढ्या बुडाल्या, कंपनीही बुडाली. तिच्या हातून समुद्राकाठची एक चिंचोळी पट्टी काय ती भरून झाली होती. त्या पट्टीवरून पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ गेले. म्हणजे मरीन लाइन्स आणि चर्नी रोडच्या दरम्यान आपण लोकलच्या दांड्याला लोंबकळत जातो, ते एका बुडीत कंपनीच्या छातीवरून.

प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत, १८६४ साली, युनिव्हर्सिटीला चार लाख रुपये दिले होते. दोन ग्रंथालयासाठी आणि दोन मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. समुद्रात घातले ते गेले, आईच्या नावाने दिले ते उभे राहिले. मी ही गोष्ट मोठ्या भक्तिभावाने सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "माझ्या नावाने पाटल्या केल्या असत्यात तर त्याही राहिल्या असत्या."

दुसऱ्या स्किमेचे जनक साक्षात गव्हर्नर, सर जॉर्ज लॉइड. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले. मुंबईत माणूस मावत नव्हता. १९२० साली साहेबाने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते उघडले. योजना ११४५ एकर समुद्र बुजवण्याची. त्याचे आठ ब्लॉक पाडले. खात्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. गाळ उपसायला एक प्रचंड ड्रेजर आणला आणि त्याचे नाव 'सर जॉर्ज लॉइड' असेच ठेवले. आमच्या बिल्डरने प्रकल्पाला स्वतःच्या मुलीचे नाव दिले, तेव्हा मला ते जरा अति वाटले होते. पण परंपरा जुनी आहे.

पद्धत अशी होती. आधी समुद्रात दगडांची भिंत घालायची. मग पलीकडच्या बंदराच्या बाजूचा गाळ उपसून नळावाटे भिंतीच्या आत सोडायचा. गाळ खाली बसेल, पाणी निघून जाईल, जमीन वर येईल. प्रत्यक्षात ड्रेजर ठरल्यापेक्षा फारच कमी गाळ उपसू लागला. आणि जो आत येई तोही भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्राला मिळू लागला. एका तोंडाने भरायचे, दुसऱ्या तोंडाने वाहून जायचे. दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या घरी हा प्रयोग होत असे, त्यामुळे तो समजायला मला काही कठीण गेले नाही. पावणेचार कोटींच्या आत बसवलेला अंदाज सात कोटींवर गेला. लोकांनी या कामाचे बारसे केले: 'लॉइड्स फॉली'. मराठीत सांगायचे तर लॉइडसाहेबाचा खुळेपणा.

याच खात्याने कामगारांसाठी चाळी बांधायला घेतल्या. त्या बी. डी. डी. चाळी. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड मिळून २०७ चाळी आणि सोळा हजारांच्या वर खोल्या झाल्या. गंमत पाहा. शहरात माणसे फूटपाथवर निजत होती आणि या खोल्यांतल्या पुष्कळशा कित्येक वर्षे रिकाम्या होत्या. शेवटी १९३०च्या दशकात सत्याग्रह आला आणि वरळीच्या चाळींचा सरकारला तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. मोकळ्या जागेचे काय करावे हे सुचायला सरकारला दहा वर्षे लागली आणि सुचले ते हे.

या सगळ्या प्रकारात एक माणूस मात्र गप्प बसला नाही. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांनी कौन्सिलात विचारले, वर्तमानपत्रांतून विचारले. पैसे कुठे गेले? मशीन असे का आणले? भिंत का गळते? १९२६ साली चौकशी समिती नेमावी लागली. तिच्यापुढेही ते बोलले. तेव्हा खात्याच्या एका इंजिनियरसाहेबाने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी गुदरली. १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. दरम्यान सरकारने तीन ते सहा हे ब्लॉक गुंडाळून ठेवले आणि एक, दोन, सात, आठ तेवढे पुरे केले. ठरलेल्या जमिनीच्या निम्म्याहूनही कमी.

जे भरले त्यालाही गिऱ्हाईक कुठे होते? जगभर मंदी. सात नंबरचा ब्लॉक लष्कराला गेला. बाकीच्यातले प्लॉट ओस पडून राहिले. मग तिथे काय आले असेल? मुलांना विचारा, ती सांगतील. क्रिकेट! क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने सरकारकडून सुमारे नव्वद हजार चौरस यार्ड जागा साडेतेरा रुपये यार्डाने घेतली आणि १९३७ साली तिथे ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. आमच्या प्लॉटवरच्या पोरांना मी हे सांगितले, तेव्हा विकेटकीपर म्हणाला, "आजोबा, मग तुम्ही आत्ता पिचवरून बाजूला व्हा."

त्यानंतर मरीन ड्राइव्हच्या त्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती आल्या, १९३८ साली इरॉस थिएटर आले, आणि २०१८ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. खुळेपणाचा वारसा व्हायला सुमारे नव्वद वर्षे पुरतात. माझी थांबायला ना नाही. पण माझे वय अडुसष्ट आहे.

खरी गंमत पुढेच आहे. स्वातंत्र्यानंतर गुंडाळलेल्या ब्लॉकांची गुंडाळी पुन्हा उलगडली. १९६०-७०च्या दशकांत आणखी समुद्र बुजवला गेला, त्यावर उंचच उंच कचेऱ्या झाल्या, आणि त्या जागेचे नाव पडले नरिमन पॉइंट. समुद्र बुजवण्यातली उधळपट्टी ज्याने चव्हाट्यावर मांडली, त्याचेच नाव बुजवलेल्या समुद्राला! माणसाचा इतक्या आदराने पराभव करणे आपल्यालाच जमते. १९९१ साली किनाऱ्याचे नियम आले आणि उरलेला समुद्र बचावला. आता त्याच्या काठाला मच्छीमार होड्या लावतात. सरकारी नकाशात जे 'रिकामे' होते, ते त्यांच्या हिशेबी कधीच रिकामे नव्हते. आमच्या वॉचमनची भेंडी कुठल्या नकाशात आहे?

हे सर्व वाचून माझ्या मनाला फार शांती मिळाली. मी सौ.ला समोर बसवून म्हणालो, "अगं, जमीन कधी वाया जात नाही. आज गवत आहे, उद्या स्टेडियम होईल, परवा वारसा होईल. आपण फक्त धीर धरायचा."

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून तिने विचारले, "त्या पहिल्या कंपनीत ज्यांनी पैसे घातले, त्यांना जमीन मिळाली?"

"नाही. ती रेल्वेला गेली."

"आणि पैसे?"

"तेही गेले."

"म्हणजे जमिनीचं चांगलं झालं. माणसांचं काय?"

याचे उत्तर वाचनालयात नव्हते.

"आणि त्या नरिमननं काय केलं म्हणालात?"

"प्रश्न विचारले. हिशेब मागितला."

"आणि अहो, तुम्ही काय केलंत? चौदा वर्षं दर रविवारी जाऊन घारी मोजल्यात."

एकतीस वर्षे नरिमनांच्या नावाच्या जागी जाऊन मी फक्त मस्टरवर सही केली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून सगळ्या पावत्या काढल्या. शाई उडालेल्या, पण होत्या. मुलाने शिकवल्याप्रमाणे 'रेरा'कडे ऑनलाइन तक्रार केली. अर्धा दिवस गेला. आपली मागणी काय, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. मग लिहिले: फ्लॅटचा ताबा, अथवा व्याजासह रक्कम. सौ.ने मागून वाचून 'गॅलरीसह' हा शब्द घालायला लावला.

पुढच्या रविवारी वॉचमनला ही बातमी दिली. मला वाटले, शाबासकी देईल. तो घारीकडे न बघता भेंडीकडे बघत राहिला.

"मग काम सुरू होईल म्हणा, साहेब."

"होईल. निदान व्हावं."

"होऊ द्या. तुमचे पैसे अडकलेत." थोडा थांबून तो म्हणाला, "पोरगी यंदा दहावीला आहे. मार्चपर्यंत नाही ना होणार?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला तरी छातीठोकपणे सांगू शकलो, की मार्चपर्यंत काहीही होणार नाही. त्याने पावशेर भेंडी रुमालात बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. "तुमच्याच जागेतली आहे," म्हणाला.

घरी येऊन ती सौ.च्या पुढ्यात ठेवली. "हे काय?"

"फ्लॅटचं पहिलं उत्पन्न."

तिने एक भेंडी मोडून पाहिली. "कोवळी आहे," म्हणाली, आणि विळी घ्यायला उठली.