इरावतीबाईंचा विभाग

मानववंशशास्त्र म्हटलं की आमच्या पोखर्णीत कुणीही विचारेल, "म्हणजे हाडं मोजायची का, गुरुजी?" तसं अगदीच चूक नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनला डॉक्टरेट केली ती मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावर. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. बाईंच्या मोजमापांतून त्यांना हवा तो निष्कर्ष निघेना, आणि बाईंनी तो ओढूनताणून काढलाही नाही. १९३० च्या सुमाराचं जर्मनी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे याचं मोल कळेल.

१९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या. पुणे विद्यापीठातल्या मानवशास्त्र विभागाचं मूळही त्यांच्यापाशीच. मोजपट्टी सुटली नाही, पण बाईंचं खरं बळ पायांत. पंढरीच्या वाटेवर चालल्या, एकाच दिंडीत जेवणं मात्र जातवार वेगळी, हे पाहून अस्वस्थ झाल्या. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी त्यांनी लेक जाई निंबकर यांच्याबरोबर केली. ती १९६९ साली छापून आली, पुढच्याच वर्षी बाई गेल्या.

आता विभागांनी जनुकं जरूर तपासावीत. पण दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तिथे नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाच्या नात्याला हत्याराचं नाव! माझ्या वर्गातली काही बाकं तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत रिकामी असत. एखाद्या विद्यार्थ्याने मुकादमाची उचल, कारखान्याजवळची कोपी आणि मागे राहिलेली म्हातारी, हे सगळं एका हंगामात पाहावं.