शोमरोनची विहीर, केडगावची विहीर

माझी आई रोज पहाटे कुराण वाचायची. अरबी अक्षरं तिला वाचता यायची, अर्थ मात्र कळायचा नाही. दहा-बारा वर्षांचा असताना मी एकदा विचारलं, "अम्मी, यात काय लिहिलंय?" ती म्हणाली, "पैले जाके देख, बाजूवाली का चूला जल्या क्या." शेजारणीच्या घरी चूल पेटली का ते बघून ये, मग सांगते. तेव्हा वाटलं, आईनं प्रश्न टाळला. आज पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, तिनं उत्तरच दिलं होतं.

धर्मग्रंथ रोजच्या जगण्यात उतरवायचा कसा, हा प्रश्न कुठल्याच धर्माला चुकलेला नाही. ख्रिस्ती शास्त्राच्या बाबतीत आपल्या मराठी मुलखात हा प्रश्न ज्यांनी जन्मभर जवळ बाळगला, त्या पंडिता रमाबाईंविषयी आज बोलायचं आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं ते लेकीला दिलं. भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ. पण दुष्काळानं या घराची धूळधाण केली. आई, वडील, थोरली बहीण गेली. उरलेली बहीणभावंडं पायी हिंदुस्थानभर हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

त्याच कलकत्त्यात काही ख्रिस्ती मंडळींनी त्यांना बायबल भेट दिलं. कुठल्या भाषेतलं? तर संस्कृतमधलं! विदुषीला विद्वत्तेची भाषा, असा त्यामागचा हिशेब असावा. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलं आहे, की त्यांना त्यातलं काहीच उमगलं नाही. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होती, त्या पंडितेची ही गत! ते पुस्तक मात्र त्यांनी टाकून दिलं नाही, जपून ठेवलं.

पुढे लग्न करून त्या आसामात सिल्चरला गेल्या. तिथे त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटीशी बंगाली प्रत आली. आता भाषा घरातली होती. वाचन सुरू झालं. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं वारले. मांडीवर लहानगी मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

लंडनमधल्या फुलम भागात जोगिणी एक आश्रम चालवीत. समाजानं ज्यांना 'पतित' म्हणून बाहेर काढलं, त्या बायकांना तिथे माणुसकीनं वागवलं जाई. रमाबाई थक्क झाल्या. त्यांनी एका जोगिणीला विचारलं, "या बायकांची काळजी तुम्हाला का?" तिनं व्याख्यान दिलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

ती गोष्ट अशी. शोमरोन नावाच्या मुलखात भरदुपारी येशू थकून एका विहिरीपाशी बसला आहे. एक बाई एकटीच पाणी भरायला येते. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाई चमकते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि हा परका यहूदी पुरुष आपल्या हातचं पाणी मागतो! तिचे पाच नवरे झालेले, सध्या ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. येशूला ते ठाऊक आहे, तरी तो तिला धुडकावत नाही. उलट देवाची भक्ती या डोंगरावर करायची की यरुशलेममध्ये, असला जाणत्यांचा वाद तो या बाईशी करतो.

मित्रहो, ही गोष्ट मराठी माणसाला उलगडून सांगावी लागत नाही. भरदुपारी विहिरीवर एकटी कोण जाते, ते आपल्या गावांना ठाऊक आहे. सकाळ-संध्याकाळच्या बायकांच्या घोळक्यात जिला जागा नाही, ती. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, हेही ठाऊक आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. रमाबाईंनी ही गोष्ट ऐकली त्यानंतर तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी आपल्याकडे पाण्याचा हक्क ओंजळीत घेऊन दाखवावा लागला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला आणलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणल्या. ओसाड जमिनीत विहिरी खणल्या. भुकेनं मेलेल्या आपल्या आईबापांची आठवण त्यामागे होती. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. आणि फुलममध्ये पाहिलं तसं, गावानं टाकलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' होतं. योहानाचा चौथा अध्याय असा दगडमातीत उतरला.

इथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. उपाशी माणसाला भाकरीबरोबर ग्रंथही दिला, तर त्याची निवड मोकळी राहते का? तो प्रश्न तेव्हाही विचारला गेला. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती वळणाला लागतात, यावरून पुण्यात वादळ उठलं, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या लोकांना नुसते सनातनी म्हणून मोडीत काढता येणार नाही. मी स्वतः अल्पसंख्य समाजातला आहे. श्रद्धेवर पडणारा दाब किती मऊ असू शकतो, हे मला कळतं. पण त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे शिकून हिंदूच राहिली, आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या. इतिहासाचं माप घालताना दोन्ही पारड्यात ठेवाव्या लागतात.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम बायबलच्या मराठी अनुवादाचं. मराठी बायबल आधीही होतं, पण त्याची भाषा संस्कृतनं जड झालेली, खेड्यातल्या बाईला अडखळायला लावणारी, असं त्यांचं मत होतं. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ ग्रंथ समोर ठेवून साधी मराठी लिहू लागल्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली मनोरमा गेली, तरी हातातली लेखणी सुटली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा अनुवाद पुरा झालेला होता. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून झाला.

बायबलचा हा अनुवाद चर्चमधून फारसा रुळला नाही. पण कवी म्हणून मला त्यात एक न्याय दिसतो. कलकत्त्याच्या भेटीतलं संस्कृत बायबल ज्या बाईला परकं वाटलं, तिनंच चाळीसेक वर्षांनी ते जात्यावरच्या बाईसाठी मराठीत आणलं. भाषा जड असली तर आज्ञा पाळता येते, पण प्रश्न विचारता येत नाही. आणि शोमरोनच्या त्या बाईनं विहिरीवर प्रश्नच विचारले होते.

हे बायबल छापलं गेलं केडगावच्याच छापखान्यात, आणि तिथे खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच मुली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते डोळ्यांना सुलटं वाचायची सवय करावी लागते. कुठल्या तरी दिवशी त्यांतल्या एकीच्या हाताखाली योहानाचा चौथा अध्याय आला असणारच. लहानपणी दुष्काळात घोटभर पाण्यासाठी वणवण केलेली एखादी बाई 'पाणी' हा शब्द एकेक खिळा उचलून जुळवते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. तिचं नाव मला ठाऊक नाही. आईनं मला शेजारणीची चूल बघायला का पाठवलं होतं, हे तिला मात्र लगेच कळलं असतं.