लोखंडाने पाडलेल्या वाटा

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या दक्षिणेला पाइन बॅरन्स नावाचं रान आहे. पाइनची झाडं, पांढरी वाळू आणि चहाच्या रंगाचं पाणी साठलेल्या दलदली. तिथे मोटरसायकल नेणाऱ्याला आधी वाळूच अडवते. ती इतकी बारीक, की तिथले लोक तिला ‘शुगर सँड’ म्हणतात. पुढचं चाक तिच्यात भरकटतं. घाबरून वेग कमी केला, की गाडी रुतलीच. फूटरेस्टवर उभं राहावं, भार मागे टाकावा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडू नये.

या रानातल्या कितीतरी वाटा लोखंडाने पाडल्या. इथल्या जमिनीत मुरलेलं पाणी लोह विरघळवून वर आणतं. ओढ्याकाठी त्याला हवा लागते, जीवाणूंचा हातभार लागतो आणि तांबूस गंजाचे थर साचून घट्ट होतात. खणून नेलेलं खनिज काही दशकांत पुन्हा तयार होई! चार्ल्स रीड नावाच्या माणसाने १७६६ मध्ये या रानातल्या बॅट्स्टो इथे लोखंडाची भट्टी घातली. खनिज दलदलीचं, कोळसा पाइनच्या लाकडाचा. स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकी सैन्यासाठी इथे तोफगोळे ओतले गेले. खनिज आणि कोळसा वाहणाऱ्या गाड्यांनी वाळूत चाकोऱ्या पाडल्या.

पुढे पेनसिल्व्हेनियातल्या दगडी कोळशापुढे या भट्ट्यांचा निभाव लागला नाही. बॅट्स्टोने काही वर्षं काच केली, १८६७ मध्ये तेही थांबलं. वस्त्या ओस पडल्या, वाटा उरल्या.

१८७६ मध्ये जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने बॅट्स्टो घेतलं आणि आसपासची जमीन जोडत नेली. इथलं पाणी फिलाडेल्फियाला न्यायचा त्याचा बेत होता. राज्याच्या विधिमंडळाने तो हाणून पाडला. त्या एका नकाराचे उपकार फार मोठे आहेत, कारण रान रानच राहिलं. १९५०च्या दशकात राज्याने ते विकत घेतलं.

मग १९६८ साली अशा वाटांना साजेशी यामाहाची डीटी-१ ही मोटरसायकल आली. २५० सीसीची, हलकी, मातीत चालणारी, तरी दिवे आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावरही कायदेशीर. दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्यांच्या ‘ड्युअल स्पोर्ट’ प्रकाराला खरं वळण तिनेच दिलं. व्हार्टनच्या जंगलात आज नोंदणी नसलेल्या गाडीला बंदी आहे. त्यामुळे या वाटांवर दुचाकीने जायचं, तर अशीच गाडी हवी.

या वाटांवर गाडी नेण्याची मुभा टिकायला हवी, पण काही चालक गंमत म्हणून थेट दलदलीत गाडी घालतात. उथळ डबक्यांत पाइन बॅरन्स ट्री फ्रॉग हा चिमुकला हिरवा बेडूक अंडी घालतो. चाकांनी ती डबकी उकरली जातात, काठची झाडं चिरडली जातात, आणि हे नुकसान लवकर भरून येत नाही. मराठीत चाकोरी सोडणाऱ्याचं कौतुक होतं. या रानात मात्र दोन शतकांपूर्वीची चाकोरी सोडू नये, आणि पुढे डबकं लागलं तर गाडी वळवून मागे फिरावं.