शंभर रुपयांच्या आतले दावे

तालुक्याच्या कोर्टात मी उमेदीची सगळी वर्षं वसुलीचे दावे चालवले, तेही बहुतेक सावकार आणि पतसंस्थांच्या बाजूने. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या दंग्याकडे मी वकिलाच्या नजरेनेच पाहतो.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. मारहाण फारशी झाली नाही. त्यांना हवी होती कर्जखतं आणि हुकूमनामे. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं.

राग कागदावर का, हे कोर्टात कळतं. १८५९ च्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मुदत घातली. मुदत भरत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेई; कुळाने नकार दिला तर दावा. समन्स कित्येकदा कुळापर्यंत पोचतच नसे. पोचलं तरी पेरणी टाकून दूरच्या कोर्टात जायचं कसं आणि वकिलाची फी द्यायची कुठून? पुकारा होई, कूळ गैरहजर, एकतर्फी हुकूमनामा! सावकाराच्या वकिलाला युक्तिवाद करावाच लागत नसे. खतावरची निशाणी पुरे. दाव्याचा खर्चही कुळाच्याच बोकांडी. मग दरखास्त, जप्ती, लिलाव, नाहीतर कैद.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने कुळाची जबानी घ्यावी, खतामागचा हिशेब मुळापासून तपासावा, असं त्यात होतं. शेतकऱ्याची कैद बंद झाली. या कायद्याच्या ६८व्या कलमाने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत दोन्ही बाजूंच्या वकिलांना मज्जाव केला. मला मोठं वाटतं ते ६९वं कलम: सावकाराचा वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील परवडत नसेल, तर न्यायाधीशाला त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस उभा करता येई. वकील काढून घेण्यापेक्षा वकील देणं केव्हाही न्याय्य.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने आज तालुका विधी सेवा समितीत महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो. समन्स आलं तर बाजूला टाकू नका. तारखेला हजर राहा आणि हिशेब मागा.